टायटॅनियमचा वेल्ड मायक्रोस्कोपखाली कसा वाचायचा: कापण्यापासून रिपोर्टपर्यंत

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात स्टीलचा वेल्ड कापून, पॉलिश करून, नायटल (नायट्रिक अॅसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण, स्टीलची रचना उघडी करणारं) लावून बघणारे हात भरपूर आहेत. पण तेच हात टायटॅनियमवर गेले की अडकतात, कारण स्टीलवर बसलेल्या सवयी इथे उलट्या पडतात. पॉलिशिंग वेगळं, अॅसिड वेगळं, आणि मार्टेन्साइट (झटकन थंड झाल्यावर बनणारी सुईसारखी रचना, स्टीलमध्ये कडक आणि ठिसूळ) हा शब्द ऐकून जो धसका बसतो तोही इथे तसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून नवीन आलेल्या मुलामुलींना मी जे समोर बसवून सांगते ते सगळं एकदा लिहून काढतेय. बोलणं मुख्यतः ग्रेड ५ बद्दल, म्हणजे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवालं मिश्रधातू, ज्याला शॉपवर सगळे सिक्स-फोर म्हणतात.

आधी डोक्यात चित्र पक्कं करा, मग सँपलला हात लावा. शुद्ध टायटॅनियम ८८२ डिग्री सेल्सिअसपर्यंत अल्फा असतं (षटकोनी रचना) आणि त्याच्यावर बीटा होतं (घनाकृती रचना). सिक्स-फोरमध्ये खोलीच्या तापमानाला दोन्ही एकत्र नांदतात, अल्फा जास्त आणि बीटा थोडा, आणि साधारण ९९५ डिग्रीला सगळं बीटा होतं. या तापमानाला बीटा ट्रान्सस म्हणतात, हीटप्रमाणे (म्हणजे वितळवलेल्या खेपेप्रमाणे) ते १५-२० डिग्री इकडेतिकडे होतं. वेल्डजवळच्या प्रत्येक ठिपक्याला तुम्ही तीनच गोष्टी विचारायच्या: तू ट्रान्ससच्या वर गेला होतास का, खाली किती वेगाने आलास, आणि गरम असताना तुला हवा लागली का. पुढचं सगळं काम या तिघांची उत्तरं मिळवायचं.

आता कापणं. कापायच्या आधी वेल्डचा फोटो काढा, वरून आणि मागून, साफ न करता. हे मी ओरडून सांगते कारण बऱ्याचदा जॉब लॅबमध्ये येतो तोच ब्रश मारून चकचकीत करून, आणि मग रंगाचा पुरावा गेलेला असतो. चंदेरी म्हणजे शील्डिंग (आर्गॉन वायूने हवा दूर ठेवणं) चांगलं, फिकट पेंढ्यासारखा पिवळा चालण्यासारखा, तपकिरी-जांभळ्याकडे गेला की शंका घ्यायची, निळा दिसला तर क्रिटिकल कामात सरळ प्रश्न उभा करायचा, आणि राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर तो वेल्ड गेला. हा रंग वरच्या ऑक्साइड थराच्या जाडीमुळे दिसतो, त्यामुळे तो सांगतो ते फक्त टॉर्च पुढे गेल्यावर मागचा भाग आर्गॉनखाली राहिला की नाही एवढंच. वितळलेल्या पूलमध्येच ओलसर आर्गॉन किंवा घाणेरडी वायर गेली असेल तर वरून चंदेरी दिसूनही आतला धातू ठिसूळ असू शकतो. म्हणून चंदेरी बघून खूश होऊन सेक्शन टाळायचा नाही. आणि रंग ब्रशने काढून पुढचा पास (वेल्डचा पुढचा थर) मारणं म्हणजे ऑक्सिजन आत गाडणं, हे वेल्डरला प्रेमाने पण ठामपणे सांगा.

सेक्शन कुठून घ्यायचा? वेल्डच्या सुरुवातीजवळ एक, मध्ये एक, शेवटी एक, आणि आर्क थांबून परत सुरू झाला असेल तर ती जागा सोडू नका, शील्डिंग बहुतेक तिथेच चुकतं. टिगचा (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या आर्कने केलेला) वेल्ड असेल तर दोन्ही बाजूंना १५-२० मिलिमीटर बेस मेटल राहू द्या म्हणजे तुलना करता येते, लेझरला कमी पुरतं. कटर भरपूर कूलंट सोडून, हळू, सिलिकॉन कार्बाइडचं चाक लावून चालवायचा, कारण टायटॅनियम उष्णता वाहून नेतच नाही म्हटलं तरी चालेल, सिक्स-फोरची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला ७ वॉटच्या आसपास आहे, साध्या स्टीलची ५०च्या आसपास, त्यामुळे चाक दाबलं की कापलेली कड जळते. आपल्याकडे गल्लोगल्ली वायरकट (तारेच्या ठिणग्यांनी कापणारं मशीन) आहे आणि सँपल काढायला ते सोयीचं पण आहे, फक्त वायरकटने वर एक वितळून गोठलेला थर राहतो, तो ग्राइंडिंगमध्ये पूर्ण जाईल एवढा माल ठेवा, मी तीन दशांश मिलिमीटर तरी घालवते. गॅस किंवा प्लाझ्मा कटिंगचा विचारही नको. ग्राइंडिंगची कोरडी धूळ साठू देऊ नका, बारीक टायटॅनियम पेट घेतं आणि त्यावर पाणी मारायचं नसतं, डी क्लासचा पावडर एक्स्टिंग्विशर किंवा कोरडी वाळू जवळ हवी.

माउंटिंगवर फार बोलत नाही. गरम माउंट सिक्स-फोरला चालतं, पण ग्रेड २ मध्ये (शुद्ध टायटॅनियममध्ये) हायड्राइड (हायड्रोजन शिरून झालेले ठिसूळ कण) शोधायचे असतील तर कोल्ड माउंट करा. अल्फा केस (गरम असताना हवा लागून कडेला झालेला कडक थर) बघायचा असेल तर कड गोल होऊ न देणारं, कडक भरणाचं रेझिन घ्या, नाहीतर जे बघायचंय तेच पॉलिशिंगमध्ये पडून जाईल.

पॉलिशिंगला मात्र वेळ द्या, सगळा खेळ इथेच आहे. टायटॅनियम मऊ नाही पण चिकट आहे, घासलं की कापलं जाण्याऐवजी पसरतं, आणि पृष्ठभागावर विस्कटलेला थर तयार होतो. त्या थरावर अॅसिड लावलं की मायक्रोस्कोपखाली काहीतरी सुईसुईसारखं दिसतं आणि लोक त्याला मार्टेन्साइट म्हणून मोकळे होतात! स्टीलसारखं १२० पासून १२०० पर्यंत एकामागून एक कागद बदलत बसू नका. ३२० ग्रिटच्या सिलिकॉन कार्बाइड कागदावर पाणी सोडून सपाट करा, कागद बोथट झाला की लगेच फेका (कंजूषपणा इथे महागात पडतो), मग ९ मायक्रॉन डायमंड कडक कापडावर, आणि तिथून थेट शेवटचा टप्पा, कोलॉइडल सिलिका. त्यात ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळायचं, ९० मिली सिलिकाला १० मिली या मापाने. पेरॉक्साइड पृष्ठभागाशी रासायनिक प्रक्रिया करतं आणि सिलिका ते हलकेच काढून नेते, म्हणून पसरलेला थर खरोखर निघतो. नुसत्या १ मायक्रॉन डायमंडवर आरसा दिसेल, पण खाली विस्कटलेला थर तसाच असेल. वेळ सँपलच्या आकारावर, पाच मिनिटं ते पंधरा मिनिटं धरून चाला. मिश्रण लागेल तेवढंच आणि त्याच वेळी करायचं, बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवलं तर वायू साठून बाटली फुगते. शेवटची दहा-पंधरा सेकंद कापडावर नुसतं पाणी सोडा, कारण सिलिका सँपलवर वाळली की निघता निघत नाही. आणि एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असतं, त्याने शेवटचं धुतलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि नवखा माणूस त्यालाच इन्क्लूजन (धातूत अडकलेला परका कण) समजतो. शेवटी डिस्टिल्ड पाणी, मग इथेनॉल, मग गरम हवा.

पॉलिश नीट झालंय की नाही याची एक छान परीक्षा आहे. अॅसिड न लावताच पोलराइज्ड लाइटखाली धरा. अल्फा षटकोनी असल्यामुळे त्याचे ग्रेन (स्फटिककण) दिशेप्रमाणे उजळ-काळे होतात, स्टेज फिरवली की बदलतात. हे स्वच्छ दिसलं तर पृष्ठभाग तयार आहे, धूसर दिसलं तर परत सिलिकावर. आणि याच वेळी, अॅसिडच्या आधी, पोरोसिटी बघून घ्या. गोल, गुळगुळीत भिंतीची छिद्रं म्हणजे बहुतेक वायूची, त्यात ओलावा आणि वायरवरचं तेल हे नेहमीचे संशयित. अॅसिड लावल्यावर छिद्रं मोठी दिसायला लागतात आणि मोजमाप फसतं. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो त्यात फिलर वायर उघडी ठेवली तर पोरोसिटी वाढायला निमंत्रणच आहे. वायर सीलबंद, सिलिका जेलसोबत, आणि वापरायच्या आधी लिंट न सोडणाऱ्या कापडावर अॅसिटोन घेऊन पुसायची. क्लोरीनवाले सॉल्व्हंट नकोत आणि मिथेनॉलही नको, दोन्हींनी टायटॅनियमला ताणाखाली तडे जाऊ शकतात.

आता क्रोल, म्हणजे टायटॅनियमची रचना उघडी करणारं अॅसिडचं मिश्रण. २ मिली हायड्रोफ्लोरिक, ६ मिली नायट्रिक, ९२ मिली पाणी. पाण्यात अॅसिड, उलटं नाही. भांडं पॉलिप्रॉपिलीनचं, कारण हायड्रोफ्लोरिक काच खातं. नायट्रिक कमी करायचं नाही, ते असल्याने धातूत हायड्रोजन शिरणं आटोक्यात राहतं.

इथे थांबून ऐका. इतकं पातळ आहे म्हणून हायड्रोफ्लोरिकला हलकं घेऊ नका. पातळ अॅसिड कातडीवर पडलं तर लगेच झोंबत नाही, तासांनी दुखायला लागतं, तोपर्यंत ते आत गेलेलं असतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मोठ्या भागावर पडलं तर हृदयाच्या ठोक्यांपर्यंत गोष्ट जाते. फ्यूम हूड चालू, निओप्रिन किंवा जाड नायट्राइल ग्लोव्ह (ते पातळ डॉक्टरी ग्लोव्ह नाहीत), फेस शील्ड, एप्रन. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, अडीच टक्क्यांचं, टेबलावर दिसेल असं ठेवलेलं आणि त्याची एक्सपायरी तपासलेली. पडलंच तर कपडे काढून पाच मिनिटं धो धो पाणी, मग जेल चोळत राहायचं आणि हॉस्पिटल, दुखत नसलं तरीही, आणि तिथे पोचल्यावर पहिल्या वाक्यात हायड्रोफ्लोरिक असं सांगायचं. एकट्याने, रात्रपाळीत, हूड बंद असताना एचिंग (सँपलला हे अॅसिड लावणं) करायचं नाही. जेल नसेल तर त्या दिवशी क्रोल बनवायचं नाही, रिपोर्ट उशिरा गेला तर चालतं.

एचिंग ५ ते १५ सेकंद, चिमट्याने धरलेल्या कापसाने हलकं पुसत. कमीपासून सुरू करा. वेल्ड, हीट अफेक्टेड झोन (वेल्डशेजारचा, न वितळता तापलेला पट्टा) आणि बेस एकाच वेगाने एच होत नाहीत, त्यामुळे एकाच एचिंगमध्ये तिन्ही सुंदर येतील ही अपेक्षा सोडा, दोन वेळा पॉलिश-एच करावं लागेल.

आणि आता बघणं. सरळ ५०० पटला उडी मारू नका. आधी नुसत्या डोळ्याने, मग १० पट, मग ५० पट, आणि बेस मेटलपासून चालत चालत वेल्डच्या मध्याकडे या.

बेसमध्ये, मिल अॅनील्ड (मिलमध्येच तापवून मऊ केलेली) शीट असेल तर, लहान गोलसर किंवा लांबट अल्फाचे ग्रेन आणि त्यांच्या फटीत बीटा. ऑप्टिकलमध्ये क्रोलनंतर अल्फा उजळ आणि बीटा गडद. हेच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या बॅकस्कॅटर मोडमध्ये उलटं होतं, बीटात जड व्हॅनेडियम जास्त म्हणून तो उजळ दिसतो. एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही फोटो लावणार असाल तर हे खाली लिहा.

थोडं पुढे आलात की लांबचा हीट अफेक्टेड झोन लागतो. हा भाग ट्रान्ससच्या खालीच राहिला पण बराच तापला. इथे जुने अल्फाचे ग्रेन अजून दिसतात, मात्र त्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या, आणि मधल्या बीटाच्या जागी बारीक रेघा दिसतात, म्हणजे तो बीटा गरम होताना वाढला आणि थंड होताना परत फुटला. जसजसं वेल्डकडे याल तसतसा उरलेला जुना अल्फा कमी होत जातो, आणि एका रेषेवर तो पूर्ण संपतो. ती रेषा शोधा! तिथे ट्रान्सस गाठला गेला होता. थर्मोकपल न लावता जवळपास ९९५ डिग्रीची खूण तुम्हाला धातूनेच काढून दिलेली असते, आणि वेल्डच्या कडेपासून तिचं अंतर मोजलं की हीट इनपुट किती गेला याचा अंदाज येतो. दोन जॉबची तुलना करायला माझं हे सगळ्यात आवडतं माप आहे आणि रिपोर्टमध्ये ते फार कमी लोक लिहितात.

त्या रेषेच्या आत जवळचा हीट अफेक्टेड झोन. इथे सगळं एकदा बीटा होऊन गेलं, आणि अडवायला अल्फा नसल्यावर बीटाचे ग्रेन भराभर वाढतात. वितळलेल्या भागाच्या कडेला ते सगळ्यात मोठे. मग पूल गोठायला लागतो तेव्हा नवा ग्रेन जन्मत नाही, कडेचे हेच ग्रेन आत वाढत जातात, उभे खांबासारखे, म्हणून वेल्डमधल्या ग्रेनची रुंदी हीट अफेक्टेड झोनमध्येच ठरून गेलेली असते. टिगमध्ये हे ग्रेन मिलिमीटरच्या घरात जातात, नुसत्या डोळ्याला दिसतात. आडव्या सेक्शनमध्ये त्यांचा आकार फसवा दिसू शकतो म्हणून शक्य असेल तर वरूनही एक सँपल पॉलिश करा.

थंड झाल्यावर तो बीटा जवळजवळ उरत नाही, पण त्याच्या सीमा राहतात. जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंती तशाच ठेवून आत सगळ्या खोल्या नव्याने पाडाव्यात तसं. म्हणून वाचताना आधी भिंती, नंतर खोल्या. भिंती सांगतात किती तापलं आणि किती वेळ, खोल्या सांगतात किती वेगाने थंड झालं. कुलिंग खूप जलद असेल, साधारण ४१० डिग्री प्रति सेकंदाच्या वर, तर आत अल्फा प्राइम म्हणजे मार्टेन्साइट, बारीक सरळ सुया, एकमेकींना ठराविक कोनांत छेदणाऱ्या. लेझर आणि इलेक्ट्रॉन बीममध्ये हेच दिसतं. २० डिग्री प्रति सेकंदाच्या खाली आलात की डिफ्युजनने (अणू हळूहळू सरकून) वाढलेल्या अल्फाच्या पट्ट्या, कधी एकाच दिशेच्या वसाहती, कधी विणलेलं बास्केटवीव्ह. टिग बहुतेक वेळा मधे कुठेतरी, मिश्रण. टिगमध्ये सीमेवर पांढरी सलग रेघ दिसते का ते मुद्दाम शोधा, तो ग्रेन बाउंड्री अल्फा, सलग असेल तर तडा त्याच्या बाजूने पळतो आणि डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाण्याची क्षमता) पडते.

मार्टेन्साइट लिहिताना जपून. फार बारीक अल्फा आणि अल्फा प्राइम ऑप्टिकलमध्ये खात्रीने वेगळे सांगता येत नाहीत. एक्सरे डिफ्रॅक्शनमध्ये बीटाचा पीक दिसतो का ते बघितलं तर थोडी पकड मिळते. ते शक्य नसेल तर “सुईसारखी रचना, अल्फा प्राइम असण्याची शक्यता” एवढंच लिहा. आणि स्टीलवाल्यांसाठी: हा मार्टेन्साइट कार्बनच्या मार्टेन्साइटसारखा काचेसारखा कडक होत नाही. बेस ३२० ते ३५० विकर्स (कडकपणाचं माप) असेल तर वेल्ड ३६० ते ४०० च्या आसपास. याच्या पुढे आकडा पळाला, तर मार्टेन्साइटवर ढकलून मोकळे होऊ नका, ऑक्सिजन आणि नायट्रोजन तपासा. ग्रेड ५ ला ऑक्सिजनची कमाल मर्यादाच ०.२० टक्के आहे, म्हणजे वेल्डमध्ये थोडीशी हवा शिरली तरी हिशोब बिघडतो.

हार्डनेसची रांग (कडकपणा मोजायला हिऱ्याच्या टोकाने पाडलेले ठसे) बेसपासून बेसपर्यंत, अर्धा किंवा एक किलो लोडने, दोन ठशांत कर्णाच्या किमान अडीच पट अंतर ठेवून. दुसरी छोटी रांग, आणि ही विसरू नका, पृष्ठभागापासून आत, २५ ग्रॅम ते १०० ग्रॅम लोडने. कडेला कडकपणा जास्त आणि आत जाता जाता उतरत बेसला मिळतोय, सोबत कडेला पांढरा, एच न होणारा पट्टा, म्हणजे अल्फा केस. तिसऱ्या प्रश्नाचं, हवेच्या प्रश्नाचं, उत्तर इथे मिळतं. मुळाच्या बाजूला पण बघा. वरून ट्रेलिंग शील्ड (टॉर्चच्या मागून आर्गॉन सोडणारं झाकण) लावतात आणि मागचं पर्जिंग (मागच्या बाजूला आर्गॉन भरणं) घाईत उरकतात, हे फार दिसतं. धातू साधारण ४२५ डिग्रीच्या खाली येईपर्यंत दोन्ही बाजूंना आर्गॉन पाहिजेच.

पार्टी नेहमी विचारते, हीट ट्रीटमेंट करून ठीक होईल का? काय ठीक करायचंय त्यावर आहे. ४८० ते ६५० डिग्रीचं स्ट्रेस रिलीफ ताण काढतं, वरच्या तापमानाला अल्फा प्राइम बारीक अल्फा आणि बीटात फुटतो, आणि खालच्या बाजूला, ५०० च्या आसपास, कडकपणा उलट किंचित वाढलेला दिसू शकतो, घाबरू नका. पण मोठे झालेले बीटा ग्रेन यातून लहान होत नाहीत. स्टीलला नॉर्मलाइझ करून ग्रेन बारीक करतो तशी सोय टायटॅनियममध्ये नाही, त्याला आधी ठोकून-रोल करून विकृत करावं लागतं, आणि तयार वेल्डवर ते कोण करणार. म्हणजे ग्रेन साइज वेल्डिंगच्या वेळीच सांभाळायची, कमी हीट इनपुट, दोन पासांच्या मध्ये थंड होऊ देणं. आणि भट्टी व्हॅक्यूम किंवा आर्गॉनचीच, हवेत तापवलं तर अख्ख्या जॉबवर अल्फा केस चढेल. अल्फा केस आणि आत शिरलेला ऑक्सिजन भट्टीने निघत नाही, थर कापून काढावा लागतो आणि वेल्डच खराब असेल तर वेल्ड काढून परत मारावा लागतो. हे पार्टीला आवडत नाही, तरी स्पष्ट लिहा.

रिपोर्टमध्ये किमान हे फोटो हवेत: साफ न केलेला वेल्ड दोन्ही बाजूंनी, पूर्ण सेक्शनचा मॅक्रो, ट्रान्ससची रेषा दिसणारा ५० किंवा १०० पटचा, मग बेस, लांबचा झोन, जवळचा झोन, वेल्ड प्रत्येकी एकाच पटीत म्हणजे तुलना होते, आणि दोन्ही कडा. प्रत्येकावर स्केल बार, “५०० पट” एवढं लिहून उपयोग नाही, स्क्रीनवर मोठा केला की पट बदलते. कोणतं एचंट, किती सेकंद, सेक्शन वेल्डच्या कुठल्या टोकापासून किती मिलिमीटरवर घेतला, फिलर कोणता (सिक्स-फोरवर कधी कधी शुद्ध टायटॅनियमची वायर वापरतात, मग वेल्डची रचना आणि कडकपणा दोन्ही वेगळे येणारच) हे पहिल्या पानावर. माउंट फेकू नका, मागे जॉब नंबर कोरून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, सहा महिन्यांनी पार्टी किंवा ऑडिटर प्रश्न घेऊन आले तर पाच मिनिटं सिलिकावर धरून परत एच करता येतं.